खिसेवाल्या ताईचा आवाज

ताईनं दुकान बंद केलं तेव्हा तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. बाजारातल्या गल्लीत दहा फुटांचं दुकान. बायका आत यायच्या, गाऊनचं कापड चुरगाळून बघायच्या, फोटो काढायच्या आणि "सांगते हं" म्हणून निघायच्या. मग बाहेरच्या पायरीवर उभ्या राहून तसलाच गाऊन फोनवर दुसरीकडून मागवायच्या. ताईनं हे काचेतून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "आता मीच फोनमध्ये जाऊन बसते," ती म्हणाली, आणि खरंच जाऊन बसली.

घराच्या मागच्या खोलीत तिनं टेबल मांडलं, वर गोल दिवा लावला आणि फोन स्टँडला असा टांगला की कॅमेऱ्यात फक्त टेबल, कापड आणि तिचे हात दिसावेत. चेहरा ती कधीच दाखवायची नाही. "माझं तोंड बघून काय करणार? शिवण बघा," म्हणायची. रोज दुपारी तीनला लाइव्ह. विकायची ते फक्त घरात घालायचे गाऊन, पण प्रत्येकाला दोन खोल खिसे. एक फोनसाठी आणि एक बाकीच्या संसारासाठी. त्यावरून तिला खिसेवाली ताई हे नाव पडलं. चार वर्षांत कुठल्या कुठल्या गावांतल्या हजारो बायका तिला त्या नावानं ओळखायला लागल्या. त्यातल्या एकीनंही तिला पाहिलं नव्हतं.

ती गेली एका मंगळवारी, दुपारी पावणेतीन वाजता. दिवा लावून झाला होता, पहिला गाऊन टेबलावर पसरून ठेवला होता. भावोजी, म्हणजे तिचा नवरा, पुढच्या खोलीत पार्सलांना चिकटपट्टी लावत होते. त्यांना खुर्ची सरकल्याचा आवाज आला, एवढंच. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. वय चव्वेचाळीस. भावोजी तिला घेऊन दवाखान्यात धावले तेव्हा फोन तसाच स्टँडवर लटकत राहिला, आणि तीनच्या ठोक्याला दोनशे बायका आपापल्या घरून येऊन बसल्या. पडद्यावर ‘थोड्याच वेळात सुरू होत आहे’ एवढंच लिहिलेलं. चार वाजेपर्यंत त्या वाट बघत होत्या.

ताईला एकच बहीण. छत्तीस वर्षांची झाली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. दातांच्या दवाखान्यात सकाळी फोन घ्यायचं, वेळा लिहायचं काम ती करायची. दोघी बहिणी दिसायला अजिबात सारख्या नव्हत्या, पण आवाज मात्र एकाच कापडातून कापलेला. फोनवर त्यांची आईसुद्धा फसायची. कॉलेजात असताना दोघींनी याचा भरपूर फायदा घेतला होता.

दहा दिवसांनी भावोजींनी धाकटीला मागच्या खोलीत बोलावलं. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात.

"धाकटे, एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा ना."

"गाऊन शिवणाऱ्या काकूंकडे एकशेऐंशी नग तयार पडलेत. पेज दोन आठवडे गप्प राहिलं की ॲप ते कुणाला दाखवतच नाही. दुकान असतं तर पाटी तशीच ठेवून दुसऱ्याला चालवायला दिलं असतं. इथे काय देऊ? तिच्या आवाजाशिवाय इथे काही नव्हतंच."

ते काय मागताहेत हे धाकटीला आधी कळलं नाही. मग कळलं: ताई बनून तिनं लाइव्हला बसायचं.

"फक्त एवढा माल संपेपर्यंत," भावोजी खाली बघत म्हणाले. "हातच तर दिसतात."

तिनं नाही म्हणायला हवं होतं, हे तिलाही नंतर कळलं. पण खरं सांगायचं तर त्या खोलीत जाऊन बसायला तिला निमित्तच हवं होतं. तिथे अजून ताईच्या हाताच्या क्रीमचा वास होता.

पहिल्या दुपारी तिनं ताईचं घड्याळ मनगटावर चढवलं आणि बटण दाबलं. "कशा आहात सगळ्या? मध्ये जरा बरं नव्हतं मला." पडद्यावर लाल बदामांचा पूर आला. ‘ताई, जिवाला घोर लावलास.’ ‘आवाज ऐकला आणि बरं वाटलं.’ मग एकीनं विचारलं, ‘ताई, नखं कधीपासून खायला लागलीस?’ धाकटीनं चटकन बोटं कापडाखाली सरकवली. "काय सांगू बाई, तुम्ही दिसला नाहीत ना इतके दिवस," तिच्या तोंडून निघून गेलं, आणि पडद्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. हे उत्तर ताईचं होतं. धाकटीला एवढं चटकन कधी सुचत नसे.

त्या दिवशी बेचाळीस गाऊन गेले.

लाइव्हपेक्षा अवघड होते ते मेसेज. ताईच्या फोनवर तीनशेच्या वर न वाचलेले पडले होते. कुणी माप विचारलेलं, कुणी रंग, कुणी नुसतंच ‘कुठे आहेस?’ धाकटी उत्तरं द्यायला बसली आणि तिच्या लक्षात आलं की फोनला ताईचं बोलणं पाठ आहे. ‘हो’ लिहिलं की खाली ‘गं’ उमटायचं. ‘गं’वर बोट ठेवलं की ‘राणी’. ताई सगळ्यांना राणी म्हणायची. ‘राणी’वर बोट ठेवलं की ‘सगळं’, मग ‘बरं’, मग ‘आहे’, मग ‘जेवलीस’, मग ‘का’. धाकटीनं एक अक्षर द्यायचं, बाकीचं ताई लिहायची. पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी ती रडली. तिसऱ्या दिवशी तिला त्याची सवय झाली, आणि न वाचताच ती भराभर बोटं टेकवत गेली. तीनशे मेसेज दीड तासात संपले.

हळूहळू ते तिच्या जिभेवरही उतरलं. दवाखान्यात एका पेशंटला ती म्हणाली, "हो गं राणी, उद्या अकराला ये." बाई बिचारी चमकली. पण खरा धक्का बसला तो आईशी बोलताना. आई दुसऱ्या गावी मामाकडे राहायची, रोज दुपारी जेवण झालं की फोन करायची. धाकटी टेबलावर गाऊन मांडता मांडता बोलत होती. आई गुडघ्यांची तक्रार सांगत होती.

"हो गं राणी, तेल लाव जरा," धाकटी म्हणाली.

धाकटीला वाटलं फोन कट झाला.

"आई?"

"पुन्हा म्हण," आई म्हणाली.

"काय?"

"ते आत्ता म्हणालीस ते. पुन्हा म्हण ना एकदा."

तिनं फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी आईचा फोन रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी आला. ती गुडघ्यांबद्दल काही बोलली नाही, पावसाबद्दल नाही, मामाबद्दल नाही. नुसती वाट बघत राहिली.

माल संपत आला तसा भावोजींनी आणखी शंभर गाऊन शिवायला टाकले. धाकटीला त्यांनी विचारलं नाही, आणि तिनंही विषय काढला नाही. दोघांनाही ते बरं पडत होतं.

असा दीड महिना गेला. एका दुपारी लाइव्ह संपल्यावर एका नव्या गिऱ्हाइकाला ती माप विचारत होती. ‘छातीचं माप सांग’ असं लिहायचं होतं. तिनं ‘छाती’ एवढंच लिहिलं आणि खाली शब्द आला: ‘छातीत’. तिचं बोट सवयीनं त्यावर गेलं. पुढे आलं ‘दुखतंय’. मग ‘आज’. मग ‘पण’. मग ‘यांना’. मग ‘सांगू’. मग ‘नको’.

धाकटी त्या ओळीकडे बघत बसली. फोन मनानं काही लिहीत नाही, हे तिला एव्हाना माहीत होतं. जे पुन्हापुन्हा लिहिलं जातं तेच त्याला पाठ होतं.

तिनं फोनमध्ये ‘दुखतंय’ शोधलं. सगळे मेसेज एकाच बाईशी झालेले निघाले. खात्याला नाव नव्हतं, फोटो होता तो एका खिडकीचा, आत कुंडी. ही खिडकीवाली वर्षभरापूर्वी अंथरुणाला खिळलेल्या सासूसाठी दोन गाऊन घेऊन गेली होती. त्यानंतर तिनं एकही गाऊन घेतला नव्हता, पण दोघी रोज बोलत होत्या. खिडकीवाली सासूचं सांगायची, ताई तिचं सांगायची. पाच महिन्यांपूर्वी छातीतलं दुखणं सुरू झालं होतं. ‘जिना चढताना दम लागतो.’ ‘दाखव डॉक्टरांना.’ ‘हा सीझन होऊ दे.’ ‘नवऱ्याला सांग.’ ‘यांना सांगू नको वाटतं, हे घाबरट आहेत, धंदाच बंद करतील.’ ‘बहिणीला तरी सांग.’ आणि त्याखाली ताईनं लिहिलं होतं: ‘काल केला होता तिला फोन. घाईत होती. नंतर करते म्हणाली.’

धाकटीला तो फोन आठवेना. आठवायचा तिनं खूप प्रयत्न केला. असे किती तरी फोन तिनं घाईत ठेवले होते.

ती खाली खाली वाचत गेली. मंगळवार आला. सकाळी दहाला खिडकीवालीनं लिहिलं होतं, ‘आज संध्याकाळी नक्की दाखवणार आहेस ना?’ रात्री, ‘काय म्हणाले डॉक्टर?’ बुधवारी, ‘ताई, काय झालं?’ मग रोज एक. बाराव्या दिवशी उत्तर गेलं होतं: ‘हो गं राणी, सगळं बरं आहे. जेवलीस का?’

ते धाकटीचं उत्तर होतं. त्या दीड तासातलं.

त्याखाली खिडकीवालीनं लिहिलं होतं, ‘हुश्श. जीव भांड्यात पडला. किती वाईट वाईट मनात येत होतं माझ्या.’ त्यानंतर रोज तिचं घरातलं काही ना काही होतं, आणि प्रत्येकाखाली न वाचता दिलेलं तेच, ‘जेवलीस का?’

धाकटीनं फोन टेबलावर पालथा ठेवला. उन्हं अजून खिडकीत होती, पुढच्या खोलीतून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता, आणि तिला मात्र वाटत होतं की आपण कुणाच्या तरी जागेवर बसलोय आणि ती बाई मागे उभी आहे, खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत.

भावोजींना कसं सांगावं या विचारात तिनं दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी ती खोलीत आली तर भावोजी आधीच तिथे. कित्येक आठवड्यांनी त्यांचा चेहरा फुललेला.

"बस. तुला आता फार दिवस त्रास पडणार नाही."

एका एजन्सीचा माणूस त्यांना भेटला होता. ताईची तीनशेच्या वर जुनी लाइव्ह पेजवर पडलेली, तेवढी पुरतात, तो म्हणाला होता. कॉम्प्युटरवर आवाजही तयार होतो आणि हातही. बायका विचारतील त्याला उत्तर मिळतं, चोवीस तास. "म्हणाला, यापुढे सगळा धंदा असाच होणार, तुम्ही नाही केलं तर शेजारचा करील. नमुना दिलाय बघ." त्यांनी आपला फोन पुढे केला.

"या, या, बसा सगळ्या," ताई म्हणाली. "आज मोरपंखी रंग आणलाय. अगदी... गळ्यापासून बघा, शिवण कुठे... दिसते का?"

मोरपंखी कापड आणलं त्याला पंधरा दिवसही झाले नव्हते. ताईनं तो रंग पाहिलाच नव्हता. धाकटीनं खुर्चीचा हात घट्ट धरला. आवाजात खोट काढायला जागा नव्हती. तिच्या स्वतःच्या आवाजापेक्षा तो ताईचा होता.

"ऐकलंस?" भावोजी म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "मध्ये थांबते बघ कशी, श्वास घेते. तेसुद्धा उचललंय त्यानं. अगदी शेवटी शेवटी बोलायची तसंच."

"भावोजी, ते बंद करा."

"अगं, पण..."

"शेवटी शेवटी ती थांबायची, कारण तिला दम लागायचा. ते दुखणं आहे तिचं. त्यानं तिचं दुखणं उचललंय."

भावोजींना काही समजलं नाही. धाकटीनं ताईचा फोन उघडून त्यांच्या हातात दिला. ते उभ्याउभ्या वाचायला लागले. वाचता वाचता त्यांचा हात मागे काहीतरी शोधायला लागला, आणि ते गाऊनच्या गठ्ठ्यावर बसले. ‘हे घाबरट आहेत’ या ओळीशी ते बराच वेळ थांबले असावेत, कारण त्यांचं बोट हलेना.

"मी पुढच्याच खोलीत होतो," ते म्हणाले. "रोज. एवढ्याशा अंतरावर."

धाकटीकडेही सांगण्यासारखं तसलंच होतं.

त्याच दुपारी तिनं खिडकीवालीला फोन लावला. पार्सलच्या पत्त्याबरोबर नंबर होता. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"ताई? अगं, तू फोन केलास? आज कसं काय?" बाईचा आवाज जाड, दमलेला, पण आनंदलेला.

"मी ताई नाही."

"चल, थट्टा नको. रोज ऐकते मी तुझा आवाज."

"मी तिची बहीण. ताई गेली हो. त्या मंगळवारीच गेली, दुपारी. तेव्हापासून मीच बोलतेय."

पलीकडे भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज झाला. मग बाई हळू म्हणाली, "तिच्याच आवाजात सांगतेस गं."

"माझा आवाज असाच आहे. काय करू?"

"मग ‘सगळं बरं आहे’ कुणी लिहिलं?"

"मी. न वाचता लिहिलं."

"मी आमच्या म्हातारीला सांगितलं होतं, ताई बरी झाली म्हणून. तिलासुद्धा काळजी लागली होती. दीड महिना तुझ्याशी बोलत होते मी. घरातलं सगळं सांगितलं. तू विचारत होतीस, जेवलीस का."

"माफ करा."

"तुला नाही करत," बाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं. तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता धाकटीनं स्टँड वाकवला आणि कॅमेरा स्वतःच्या तोंडाकडे वळवला. भावोजी दारात उभे होते. तिनं घड्याळ काढून ठेवलं होतं. एकशेचाळीस बायका बघत होत्या. तिनं जे झालं ते सांगितलं, मध्ये दोनदा अडखळली. ती बोलत होती तोवर पडद्यावर एकही अक्षर उमटलं नाही. मग सगळं एकदम सुरू झालं. ‘लाज वाटत नाही?’ ‘मेलेल्या बाईच्या नावावर विकलंत?’ ‘ताई गं.’ ‘हा पण काही नवीन प्रकार आहे का जाहिरातीचा?’ ‘नाही, ही खरंच रडतेय.’ एकीनं विचारलं, ‘मोरपंखीमध्ये मोठं माप आहे का अजून?’ आणि बाकीच्या तिच्यावर तुटून पडल्या. साडेतीनपर्यंत नऊ जणी उरल्या. त्या काही लिहीत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या, कुणाच्या घरी भेटायला जाऊन बसावं तशा.

बरेच गाऊन परत आले. काही पार्सलं न उघडता तशीच आली. भावोजींनी एजन्सीच्या माणसाला नाही म्हणून सांगितलं. तो समजूतदारपणे म्हणाला, विचार बदलला तर कळवा, नमुना आमच्याकडे आहेच. तो पुसून टाका असं भावोजींनी तीनदा सांगितलं. पुसलं असं त्यानं एकदाही म्हटलं नाही. पुढे महिनाभर भावोजी रोज वेगवेगळ्या पेजवरची लाइव्ह उघडून, डोळे मिटून ऐकत बसायचे. कुठे तिचा आवाज निघतोय का ते. कधीकधी त्यांना वाटायचं की निघाला. मग ते धाकटीला हाक मारायचे, ती ऐकायची आणि मान हलवायची, आणि नेमकी कशासाठी हलवतेय हे तिचं तिलाच कळायचं नाही.

धाकटीनं स्वतःचं वेगळं पेज काढलं. आठवड्यातून दोनदा, चेहरा दाखवून. गाऊन तेच, खिसे तेच. वीस-पंचवीस जणी येतात. तिला तेवढ्या चटकन उत्तरं सुचत नाहीत, ती "थांबा, विचार करून सांगते" म्हणते, आणि आता त्यांना त्याचीच सवय झालीय. आईशी ती रोज बोलते. तो एक शब्द मात्र दोघीही काढत नाहीत.

ताईचं पेज बंद करायचं ठरलं होतं. पण बंद करण्याआधी भावोजींनी सहज मेसेज उघडले तर नवे आले होते. बायकांना ती गेल्याचं माहीत होतं आणि तरी त्या लिहीत होत्या. ‘ताई, मुलीचा निकाल लागला.’ ‘ताई, आज पुन्हा भांडण झालं.’ ‘ताई, तो राखाडी गाऊन फाटला, टाकवत नाही.’ उत्तर कुणी मागत नव्हतं. खिडकीवालीचाही एक होता. ‘म्हातारी आज सकाळी गेली. तुझाच गाऊन होता अंगावर.’

भावोजींनी पेज तसंच ठेवलं. दुपारी पार्सलं बांधून झाली की ते मागच्या खोलीत चष्मा लावून बसतात आणि ताईनं चार वर्षांत लोकांना जे जे लिहिलं ते पहिल्यापासून वाचतात. रोज थोडं. घाई करत नाहीत. संपून जाईल अशी त्यांना भीती वाटते.

परवा धाकटी कापडाचा गठ्ठा घेऊन आत आली तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "धाकटे, ताईला पिवळा रंग आवडत नव्हता, तुला माहीत होतं?"

"नाही बाई. कोण म्हणालं?"

"इथे लिहिलंय तिनं. कुणाला तरी. ‘मला पिवळं बघितलं की डोकं दुखतं, पण काय करता.’"

धाकटीनं गठ्ठा खाली ठेवला. भावोजी चष्मा काढून भिंतींकडे बघत होते. लाइव्हला उजेड चांगला पडावा म्हणून मागच्याच वर्षी त्यांनी दोन रविवार खपून ती खोली स्वतःच्या हातानं पिवळी रंगवली होती.